सोळा सप्टेंबरचं ग्रहण

—तसा डोळा चिकटवून नाही बघायचं मामा, जरा लांब धरा, बोटभर — आणि चष्मा काढा, चष्म्याचं काम दुर्बीण करते. आता? नुसता पांढरा दिवा दिसतोय ना, मग बरोबर दिसतोय. अजून काही झालंच नाहीये. नऊ एक्कावन्न झालेत, नऊ सत्तावन्नला सुरू होणार. बसा तुम्ही खुर्चीवर, मी उभाच बरा. आणि मी ते सकाळचं काही बोलायला आलो नाही बरं का, तसं काही डोक्यात आणू नका. सकाळी तुम्ही सगळे आमच्याकडं कडेगावला आलात, आमच्या समीक्षाची आणि तुमच्या भाच्याची, ऋषिराजची, बोलणी झाली, म्हणजे झाली नाहीतच, 'कळवतो' म्हणून तुम्ही उठलात — तो विषय वेगळा. मी काही मुलीचा भाऊ म्हणून आलेलो नाही. कडेगावला ढग आलेत, म्हटलं सांगलीत आभाळ मोकळं असेल, लालासाहेब मामांची विश्रामबागला एवढी उंच गच्ची आहे, मामा फौजेतले, ते काय ग्रहणाला भिऊन दारं लावून बसणार नाहीत — टाकली दुर्बीण पाठीला आणि आलो गाडीवर. एवढंच.

बघा की खाली. सगळ्या खिडक्या बंद. सांगलीसारखं शहर, पलीकडं मिरजेला गल्लोगल्ली डॉक्टर, आणि इथं दहा वाजायच्या आत रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या समोरच्या बंगल्यात — ती निळी ट्यूब दिसतेय ना — तिथल्या बाई मघाशी गच्चीवर आल्या होत्या वाळत घातलेले कपडे काढायला. माझ्याकडं बघितलं, दुर्बिणीकडं बघितलं, आणि अशा पळाल्या की मी जणू त्यांच्यावर तोफ रोखलीय. दह्यात तुळशीचं पान टाकलं असणार. पिंपात टाकलं असणार. फ्रिजमध्ये पण टाकतात आता — दोन दारांचा फ्रिज, मागं इन्व्हर्टर, आणि आत काय, तर चंद्राचं विष लागू नये म्हणून तुळस. माझ्या पुण्याच्या ऑफिसात एक जण आहे, मशीन लर्निंग करतो, साडेतीन लाखांचा फोन — बरं, दीड लाखाचा — त्यानं काल ग्रुपवर टाकलं, ग्रहणात मायक्रोवेव्ह वापरू नका, किरणं दुप्पट होतात. मी विचारलं, कशाच्या दुप्पट? तर म्हणतो, फॉरवर्ड आलंय भावा. अशी लोकं आहेत. आणि अडाणी कुणाला म्हणतात, तर मेंढरांमागं फिरणाऱ्यांना. त्या बिचाऱ्यांना कुठून येणार फ्रिज, ते उघड्यावर झोपतात, त्यांना चंद्र लाल झाला काय आणि काळा झाला काय.

चहा आहे का तो? घ्या की. वेध दुपारी साडेबारालाच लागलेत म्हणे, घ्या तरी, मी कुणाला सांगत नाही. ऋषिराजच्या त्या बनुआत्यांना तर नाहीच नाही.

हां — झालं बघा सुरू. डावीकडं, खालच्या अंगाला. दुर्बिणीतून नको, साध्या डोळ्यांनी बघा आधी. कसं पाटीच्या कोपऱ्यावर ओला हात पुसल्यासारखं झालंय. ती कुणाची सावली आहे माहितीय? आपली. तुमची, माझी, ह्या गच्चीची, त्या तुळशीवाल्या बाईंची पण. सूर्य आत्ता आपल्या पायाखाली आहे, बरोबर उलट्या अंगाला, मधे आपण, आणि चंद्र वर — तिघं एका ओळीत. हे सातवीच्या पुस्तकात आहे मामा, माझं काही डोकं नाही त्यात. आता तुम्ही विचाराल, मग दर पौर्णिमेला का होत नाही? नाही विचारलं? सगळे विचारतात. तर असं — एका ताटात दुसरं ताट ठेवलं आणि आतलं जरा कललं, तर कडा दोनच ठिकाणी जुळतात की नाही? तसं. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना तो आपल्या सावलीच्या वरनं नाहीतर खालनं निसटून जातो. कडा जुळल्या की सापडतो. ह्याच्यात राहू कुठं आला, केतू कुठं आला? आणि हे सगळं आधी काढता येतं, मिनिटाला मिनिट. पुढचं काढता येतं तसं मागचंही काढता येतं. हेच तर — हेच तर ह्या लोकांच्या डोक्यात जात नाही की मागचंही काढता येतं.

बघा, बघायचंच असेल तर सरळ बघा. नाही, चंद्राकडं नाही म्हणत मी. सकाळपासून सगळे तिरके बघतायत — पोह्यांची बशी घेताना एकदा, पाणी घेताना एकदा. हा वरचा ओठ, इथून इथपर्यंत. दुभंगलेला होता जन्मताना. पाच महिन्यांचा असताना मिरजेला शिवला, टाके चांगले पडलेत, मिशी राखली तर कळणार पण नाही. पण मी मुद्दाम नाही राखत. का राखू? सातशे-आठशे पोरांमागं एक जन्मतं असं. कुणाच्या घरी जन्मेल, सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारा, ते पण म्हणतात ठाम सांगता येत नाही. आमच्या लोकांना मात्र ठाम माहितीय. काय, तर आईनं ग्रहण पाळलं नाही. पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली, वांगी चिरली, म्हणून पोराचा ओठ चिरला. वांगी चिरली. सत्तावीस वर्षं ऐकतोय मी हे. आमची आजी, अंबूबाई, वारली ती — तिच्या तोंडी हे रोजचं. कुणी पाहुणा आला की मला पुढं ओढायची, हनुवटी धरायची आणि सांगायची, आमच्या सूनबाईंचा पराक्रम बघा. आणि आई? आई खाली मान घालून भाकरी थापायची. मला राग आजीचा यायचा नाही इतका आईचा यायचा. म्हटलं, एवढी दहावी शिकलेली बाई, आणि हिला हे खरंच वाटतंय. वांग्यानं ओठ चिरतो. अहो, आईच्या पोटात गर्भ, विळीवर वांगं, वर चंद्र — ह्या तिघांची गाठ कुठं पडते?

तर सकाळी तुम्ही होतातच. कोपऱ्यात बसून पोहे खात होतात, पण होतात. वेध लागायच्या आत खाणं उरकायचं म्हणून नऊलाच पोचलात सगळे, आणि उद्यापासून पितृपंधरवडा, मग पंधरा दिवस बोलणी नाहीत — म्हणून सुपारी आजच फोडायची असं ठरलेलं. तुमची बहीण, संयोगिताताई, किती छान बोलत होत्या समीक्षाशी. ऋषिराज — आता तुमचा भाचा आहे, वाईट वाटून घेऊ नका — तो फोनच बघत होता, पण हसत होता, म्हणजे तो आणि समी तिथंच मेसेजवर बोलत असणार, चार महिने बोलतायत ते, मला काय कळत नाही होय. सगळं सुरळीत. आणि मग बनुआत्यांनी काढला विषय. काढणारच, ग्रहणाचा दिवस. म्हणाल्या, 'ह्या पोराचं बी गिराणातलंच म्हणं?' आईनं मान हलवली. म्हणाली, 'व्हय, माझीच चूक.' ताई पण म्हणाल्या, 'असू दे हो, व्हायचं ते होतं, आमच्याही भावकीत एकाच्या पोराचा कान आहे तसा.' झालं होतं मामा. तिथं संपलं होतं. मी गप्प बसायला पाहिजे होतं.

पण माझ्या आईनं माझ्या डोळ्यांदेखत, समीच्या सासरच्या लोकांपुढं, परत एकदा 'माझीच चूक' म्हणायचं? आणि माझ्या लॅपटॉपवर महिनाभर तयार असलेलं सगळं तसंच पडून राहायचं? महिनाभर, हो. ह्या ग्रहणाचं वाचता वाचता मला सुचलं, आपण कधी मागं जाऊन बघितलंच नाही. बघितलं. मी नऊ जुलै अठ्ठ्याण्णवचा. नऊ महिने नऊ दिवस मागं जा — तीस सप्टेंबर सत्त्याण्णव. तीस सप्टेंबर ते नऊ जुलै, ह्या दिवसांत आपल्या इथून दिसलेलं ग्रहण — शून्य. चंद्राचं नाही, सूर्याचं नाही. मार्चमध्ये एक होतं, छायाकल्प, म्हणजे नुसती फिकट सावली, तेही आपल्याकडं सकाळी दहाला, चंद्र आभाळात नव्हताच. फेब्रुवारीत सूर्याचं होतं, ते तिकडं अमेरिकेच्या बाजूला. त्याच्या आधीचं म्हणाल, तर सोळा सप्टेंबर सत्त्याण्णव, ते मात्र अगदी आजच्यासारखं, खग्रास, मध्यरात्री डोक्यावर — पण तेव्हा मी कुठं होतो? चौदा दिवसांनी हुकलं ते. मी उघडला लॅपटॉप, सगळ्यांच्या मधे, पोह्यांच्या बश्या सारून, आणि दाखवली यादी. आई नको नको म्हणत होती, मला वाटलं लाजतेय. मी म्हटलं, ताई, आत्या, बघा, आजपासून माझ्या आईला कुणी बोलायचं नाही. ग्रहण नव्हतंच. कसली वांगी आणि कसलं काय.

जरा सरका, ढग येतोय, बघून घ्या तेवढ्यात. अर्धा गेला ना? कड बघा सावलीची. सरळ नाहीये, वाटोळी आहे. पृथ्वी गोल आहे हे त्या कडेवरूनच ओळखलं लोकांनी, दोन हजार वर्षांपूर्वी. हे नाही बघत कुणी. दार लावून जप करतात.

मला वाटलं टाळ्या वाजवतील. खरंच वाटलं मामा, हसू नका. आणि बनुआत्या म्हणाल्या — सुपारी कातरत होत्या, वर पण बघितलं नाही त्यांनी — म्हणाल्या, 'गिराण न्हवतं तर मग रगातच हाय की.' बास. एवढंच. ताईंचा चेहरा मी बघितला. एका मिनिटापूर्वी हसणारी बाई. समीकडं असं बघितलं त्यांनी, तिच्या ओठाकडं, चांगला धडधाकट ओठ आहे तिचा, तरी. मग आईकडं. मग दादांकडं, आमच्या वडिलांकडं. आणि म्हणाल्या, वेध लागतील, निघायला हवं, कळवतो. पुरणपोळीची ताटं वाढलेली तशीच राहिली. आता मला सांगा, अडाणी कोण? ग्रहणात चिरलं म्हणून ओठ फाटला, हे चालतं — मान हलवून सोडून देतात, व्हायचं ते होतं. आणि ग्रहण नव्हतं, कारण माहीत नाही, कुणाच्याही घरी होऊ शकतं, हे नाही चालत. मग ते रक्तातच. म्हणजे समीच्या पोरांना होणार. म्हणजे तुमच्या घरात येणार. मी म्हणत होतो, आत्या, तसंही ठाम नसतं — कोण ऐकतंय. मीच तर आत्ता विज्ञान शिकवलं होतं त्यांना. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं, पुढचं पाऊल फक्त त्यांनी त्यांचं टाकलं. एम.कॉम. झालेली बाई, सोसायटीची चेअरमन, आणि — राहू दे, तुमची बहीण आहे. राहू दे.

समी? तुम्ही गेल्यावर आली, माझा लॅपटॉप मिटला, नीट पिशवीत घातला, चेन लावली, आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दादा रानात निघून गेले. आणि आई — मी आईवरच ओरडलो. तुझ्यामुळं झालं म्हटलं, तू त्या आजीचं ऐकून घेत राहिलीस म्हणून आज हे लोक असं बोलतात, तू एकदा तरी पंचांग उघडून बघायचं होतंस. तर ती पुरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवून म्हणते — अगदी थंडपणानं — 'गिराण न्हवतं ह्ये मला ठावं हाय रं. तू जन्मलास तवापास्नं ठावं हाय.'

मी म्हटलं, काय?

तर म्हणते, 'मीच सांगितलं सासूबाईंस्नी, वांगी चिरली म्हून.' माझा ओठ बघितल्या बघितल्या मिरजेच्या दवाखान्यात आजीनं विचारलेलं, तुमच्या माहेरात कुणाला हाय का असं? आणि माहेरी माया मावशीचं लग्न ठरलेलं, देण्याघेण्याची याद झालेली, मार्गशीर्षात लग्नाचा बार. माहेरच्या रक्तात खोट आहे असं निघालं असतं तर मावशीचं मोडलं असतं. म्हणून आई तिथल्या तिथं, बाळंतपणाच्या खाटेवर, अंगात ताप, म्हणाली, न्हाई ओ, माझंच चुकलं, गिराणात विळीवर बसले. कुठलं ग्रहण, कधी, कुणी विचारलं नाही. पोथी उघडून मागचं कोण बघतंय, म्हणते. दोष देयाला गावला की मानसं थांबत्यात. सत्तावीस वर्षं ती बाई सगळ्यांना — आजीला, भावकीला, मला — सगळ्यांना गप्प बसवून होती आणि आम्ही समजत होतो ती गप्प बसलीय. आणि मी, महिनाभर बसून, नकाशे काढून, मिनिटं काढून — आणि तिनंच पाठवलंय मला आत्ता. ढगबिग काही नाहीत कडेगावला, चांदणं पडलंय लख्ख. म्हणाली, जा, त्या मामांच्या शब्दाबाहेर त्यांची बहीण न्हाई, पाया पड आन् सांग, माझी गणतीत चूक झाली, गिराण होतं म्हणावं. मी म्हटलं, मी खोटं नाही बोलणार. आणि ते पण ह्या विषयावर. तर म्हणते, 'मी बोलले की रं सत्तावीस वरसं. तुला एक रात जड झाली व्हय?'

...

मी काय सांगितलं आत्ता तुम्हाला.

नाही, मामा — थांबा. हे — हे असं सांगायचं नव्हतं मला. मी येताना पार पलूसपासून घोकत आलो होतो, मामा, माझी गणतीत चूक झाली, मामा, माझी गणतीत चूक झाली. आणि इथं येऊन तासभर ताट आणि सातवीचं पुस्तक. आता तुम्हाला सगळंच ठाऊक झालं. म्हणजे आता मी ग्रहण होतं म्हटलं तरी — माझ्यासारखा मूर्ख तुम्ही फौजेत तरी बघितला होता का? सगळ्यांना अडाणी म्हणत फिरतो. आईनं एक गोष्ट सत्तावीस वर्षं पोटात ठेवली, माझ्या पोटात बारा तास राहिली नाही.

आता सांगणार तुम्ही ताईंना. सांगा. तुमचा हक्क आहे. फक्त हे सांगताना एवढं सांगा की समीला ह्यातलं काही माहीत नाही, तिनं काही लपवलेलं नाही. आणि माया मावशीला दोन मुलगे आहेत, दोघांचे ओठ नीट आहेत, एक तर सैन्यात लागलाय. रक्ताचं एवढंच आहे तर तेही धरा हिशेबात — काय?

शाळेत? शाळेत काय?

शाळेच्या दाखल्यावर? एक जून. का? अर्ध्या कडेगावची एक जून आहे, तुमची पण असेल. आमच्या गुरुजींनी टाकली, पहिलीत घालताना सहा पूर्ण पाहिजेत म्हणे, मला महिना कमी पडत होता, त्यांनी दादांना विचारलं पण नाही, एक जून लिहून मोकळे. मला एवढी चीड येते त्या तारखेची. बँकेचा मेसेज येतो एक जूनला, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मी डिलीट करतो. आधार, पॅन, पासपोर्ट, सगळीकडं तीच. आता ते कशाला? खोटी तारीख ती. त्याच्यावरून काय —

थांबा.

एक जून. मागं नऊ महिने — एक सप्टेंबर. मागं नऊ दिवस — तेवीस ऑगस्ट. तेवीस ऑगस्ट ते एक जून. सोळा सप्टेंबर — बसतंय. मामा, मधे बसतंय ते. चोवीस दिवसांनी बसतंय. खग्रास, मध्यरात्री, डोक्यावर. ग्रहण खरं आहे, यादीतलं, ते बदलावं पण लागत नाही. म्हणजे आभाळाबद्दल मला काही खोटं बोलावं लागणार नाही. माझ्याबद्दलच फक्त.

तुम्ही हे मघापासून धरून बसला होतात का? चहा पीत? आणि मला बोलू देत होतात?

पण मध्यरात्री वांगी कोण चिरतं मामा. बरं. बरं, ते विचारत नाही कुणी. आईनं सांगितलंच की, विचारत नाही कुणी. पंधरा मिनिटांत सगळं पुसलं जातंय बघा, वरची एक फाक राहिलीय फक्त, नखाएवढी.

नऊ जुलै कुठं लिहिलंय म्हणता? कुठंच नाही. मिरजेच्या दवाखान्याचं कार्ड तेवढं आहे. माझ्याकडंच आहे, सकाळी आईच्या पेटीतून काढलं होतं, लॅपटॉपनंतर ते दाखवणार होतो, त्याच्या आत तुम्ही उठलात. नुसतं तोंडानं बोललो मी, कागद कुणी बघितला नाही. हे बघा. पुरुष जातीचे बालक, वजन दोन किलो सहाशे, नऊ सात अठ्ठ्याण्णव. ओठाचं पण लिहिलंय.

तुमच्याकडं? कशाला? नाही, मी ठेवीन ना नीट. मी कशाला दाखवतोय कुणाला. — बरं, मी दाखवेन. बरोबर आहे तुमचं. उद्या कुठंतरी कुणीतरी आईला बोलेल आणि मी काढून दाखवेन. घ्या. घडी आहे तिथून धरू नका, फाटायला आलंय, आईनं जपलंय ते. फाडू नका मामा. तुमच्या कपाटात असू दे. समीचं लग्न होईपर्यंत — नाही, कधीच परत देऊ नका मला.

संपली बघा ती फाक. अकरा. आता पूर्ण आत गेला तो. काळा नाही झाला, बघितलंत? उसाचं पाचट पेटवल्यावर धुरातनं सूर्य दिसतो तसा. आपल्या कडेकडेनं, हवेतून वाकून, थोडा उजेड जातोच तिथं. जिथं जिथं आत्ता दिवस मावळतोय आणि उगवतोय, तिथला. सव्वाबारा-साडेबारापर्यंत असाच राहणार, घाई नाही. तुम्ही बघत बसा.

आत्ता लावताय फोन? ग्रहणात उचलतील ताई? — वाजतोय. नाही, तुम्हीच बोला ना मामा, तुमच्या शब्दाला — मीच? मीच का?

द्या.

हॅलो. ताई, मी जयराज बोलतोय, समीक्षाचा भाऊ. हो, मामांच्या गच्चीवरनं. ताई, सकाळी मी माझी जन्मतारीख चुकीची सांगितली.